जेंबे घेतला त्याला नऊ महिने झाले

जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा, हातांनी वाजवायचा ढोल. जानेवारीत घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय. बारा इंची तोंड, दोन फूट उंची, महोगनीचं खोड, बकरीचं कातडं, दोरीने ताणलेला. साडेनऊ हजार पडले. फायबरचा, नट-बोल्टवर सूर लावायचा स्वस्तात मिळत होता, पण मला कातडंच हवं होतं. जुलैत या हट्टाची फळं मिळाली.

लहानपणी सहा वर्षं तबला शिकले होते, त्यामुळे वाटलं महिन्याभरात जमेल. जेंबेचे मुख्य आघात तीन: बेस, टोन, स्लॅप. टोन आणि स्लॅप वेगळे वाजायलाच तीन महिने गेले. बेस सोपा, तळवा मधोमध टाकून लगेच उचलायचा. टोनला बोटं जुळलेली हवीत, स्लॅपला सैल. मी स्लॅपला जोर लावत होते. दुसऱ्याच आठवड्यात तर्जनीच्या मुळाशी रक्त साकळलं. बोल मात्र पटकन बसले. आमच्या गटात नायजेरियाच्या बाबातुंडे ओलातुंजींची पद्धत वापरतात: गुन-दुन म्हणजे बेस, गो-दो टोन, पा-ता स्लॅप. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने. तबलेवाल्यांना हे घरचंच.

गाडी अडली ती रविवारी, अकरा जणांत बसल्यावर. पहिला ताल कुकू, गिनीच्या बेयला भागातला. बायका मासे धरून परतताना यावर नाचत, असं सांगतात. माझ्या वाट्याला साथीचा एक चिमुकला तुकडा, तोच अर्धा तास. तबल्यावर एकटीने ठेका धरला की ताल पुरा होतो. इथे माझा तुकडा सुटा ऐकला तर कुणी मध्येच उठून गेल्यासारखा वाटतो. दुसरा जेंबे आणि तीन दुनदुन, म्हणजे काठीने वाजवायचे ढोल (लहान केनकेनी, मधला सांगबान, मोठा दुनुन्बा) सुरू झाले की मगच त्याचा अर्थ लागतो. मला रिकामी जागा बघवेना, हात आपोआप तिरकिट घालायचा. शिकवणाऱ्या मुलाने तिसऱ्यांदा थांबवून सांगितलं, "ताई, ती जागा सांगबानची आहे."

सोली या पुढच्या तालाने तर रडवलं. बारा मात्रा म्हटल्या की माझ्या डोक्यात एकताल, दोन-दोनचे सहा विभाग. इथे तीन-तीनचे चार. हात बरोबर, पाय चुकीचा, आणि पाय चुकला की पुढच्या आवर्तनात हातही जातो. शेवटी दुनदुनवाल्याच्या पाठीला पाठ लावून बसले. त्याचा ठोका पाठीत जाणवत होता, त्यावर पाय आपटला, आणि तिसऱ्या रविवारी गाडी रुळावर आली. समही शोधत बसू नका. मुख्य जेंबेवर ब्रेक, म्हणजे इशाऱ्याचा ठरलेला तुकडा, वाजला की सगळ्यांनी एकदम उचलायचं, पुन्हा वाजला की थांबायचं.

'आधुनिक' म्हणून आम्ही दोन गाण्यांचे ठेके बसवलेत. पाहुण्यांसमोर टाळ्या मिळतात, पण अकराही जण जवळजवळ तेच वाजवतात, दुसऱ्या रविवारी कंटाळा येतो. खरं तर आज पारंपरिक म्हणून शिकवतात त्यातलंही बरंच मंचावर घडलंय. 1952 मध्ये गिनीच्या कीता फोदेबांनी पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकँ' हा नृत्यसंच उभा केला. अशा संचांतूनच आखीव ब्रेक, ठरलेले शेवट हे सगळं रुळलं. गावात वादक नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवतो.

आता कातड्याचं. ठाण्याच्या पावसात जुलैत ते ढेपाळलं, स्लॅप म्हणजे ओल्या पुठ्ठ्यावर थाप. उभ्या दोऱ्यांमधून आडवी दोरी ओवून एकेक पीळ ओढायचा असतो. दोन तास गेले, तळहात सोलले, आणि चार दिवसांत पुन्हा सैल. दोष दोरीचा होता. विकणाऱ्याने ताणली जाणारी साधी दोरी घातलेली, ती बदलायला बाराशे गेले. आता ऑक्टोबरच्या उन्हाआधी तेच पीळ सोडायचेत. मे महिन्यात गटातल्या एकाने जेंबे बंद गाडीत ठेवला होता, कातडं काठापासून टरकन फाटलं. फ्लॅटमध्ये रोज वाजवणार असाल तर तोंडावर टॉवेलची घडी ठेवा. शेजारच्या काकूंशी माझा तह तेवढ्यावरच झालाय.

गेल्या रविवारी कुकू सलग वीस मिनिटं वाजवला, एकदाही तिरकिट न घालता. हुरूप येऊन विचारलं, मला दुनुन्बा कधी देणार? शिकवणारा म्हणाला, आधी सहा महिने केनकेनी.