ब्रीडरकडून लॅब घेताना पाहिलेल्या खुणा: काही महिन्यांनंतर कुठल्या खऱ्या ठरल्या, कुठल्या नाहीत

आधी निकाल सांगून टाकतो. चॉकलेटी लॅब्रेडॉर, नर, नाव दोदोल (गोव्यातली गूळ-नारळाची गडद मिठाई, रंग बघून मुलीने ठेवलं). पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर गोव्यातल्या सासष्टीच्या एका घरगुती ब्रीडरबाईंकडून (म्हणजे घरीच कुत्र्यांची पैदास करणाऱ्या) फोंड्याला आणला. आता जत्रांचा मोसम लागलाय. खरेदीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईल. कुत्र्याला गुण द्यायचा अधिकार घरात आईकडे आहे, आणि ती चपलांच्या प्रकरणावरून अजून नाराज आहे.

पिल्लू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात, त्यामुळे तेव्हाच्या अभिप्रायाला मी फारशी किंमत देत नाही. शोधाशोध करताना मीही याद्या वाचल्या होत्या, हे बघा, ते बघा. आता मागे वळून बघताना वाटतं की पिल्लाकडे बघून थोडंच कळतं, विकणाऱ्याकडे बघून बरंच. सहा-सात आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोंडसच दिसतं, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

सुरुवात जाहिरातींपासून होते आणि त्यांची भाषाच वेगळी. ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘लास्ट पीस’. डबल बोन म्हणजे काय हे मी आमच्या पशुवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, “एक्स-रेत मला तरी एकच दिसतं.” एकाने ‘सिल्व्हर लॅब, रेअर कलर’ म्हणून दुप्पट भाव सांगितला. लॅबचे मान्य रंग तीनच आहेत, काळा, पिवळा आणि चॉकलेटी. दुर्मीळ रंगाचे जादा पैसे मागणारा दिसला की पुढे सरकायचं.

पण जाहिरातीतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पिल्लाचं वय. ‘४५ दिवसांचं, फुल वॅक्सिनेटेड’ हे इतक्या ठिकाणी दिसतं की तेच बरोबर वाटायला लागतं. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्यांत ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई आहे. ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस. थोडक्यात, ४५ दिवसांची जाहिरात करणारा आपण नियम मोडतो हे स्वतःच छापतोय. आणि ‘फुल वॅक्सिनेटेड’ तर त्या वयात होऊच शकत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लशीला आडवी येते. म्हणून पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंमुळे होणाऱ्या दोन जीवघेण्या आजारांवरच्या लशींचे डोस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर.

याचा नमुना घरातच पाहायला मिळाला. आमचं शोधणं चालू असतानाच मेव्हण्याला बीगल हवा झाला. त्याचा फोन आला, “भावजी, लास्ट पीस म्हणतोय, आज टोकन टाकलं नाही तर दुसरी पार्टी उचलणार.” पिल्लू घाटावरून रात्रीच्या बसने येणार, ड्रायव्हर ओळखीचा, डिलिव्हरी फोंड्याच्या बसस्टँडवर. पिल्लाची आई बघायला मिळेल का? “सर, मदर फार्मवर आहे, इन्फेक्शनमुळे बाहेरच्यांना एंट्री नाही.” मग व्हिडिओ कॉल? “फार्मवर नेटवर्क नाही.” बाहेरच्यांना आत न सोडणं यात खरं तर वावगं काही नाही. लस पूर्ण न झालेल्या पिल्लांपाशी चपला घालून कोणी येऊ नये असं चांगला ब्रीडरही म्हणतो. पण तो व्हिडिओवर आई आणि सगळी भावंडं हलती-फिरती दाखवतो. इथे ना प्रत्यक्ष, ना फोनवर. मी नको म्हटलं, त्याने टोकन टाकलं.

बसस्टँडवरच्या ट्यूबलाइटखाली मी ते लसीचं कार्ड नीट पाहिलं. गुळगुळीत रंगीत कार्ड, स्टिकर सगळे जागच्या जागी. पण डॉक्टरांची सही नाही, शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही. वेगवेगळ्या महिन्यांतल्या तारखा एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारख्या. आणि रेबीजचा स्टिकर पिल्लू ४० दिवसांचं असतानाच्या तारखेला. पिल्लाचं पोट टम्म आणि वर बरगड्या मोजता येतील अशा, म्हणजे जंत. तोंड उघडून बघितलं. दुधाचे २८ दात ८ आठवड्यांपर्यंत बाहेर येतात, याच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. सांगितलेल्या ‘दोन महिन्यांच्या’ वयाला काही ते तोंड साक्ष देईना.

चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्वो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, तेव्हा आजार कुठून आला याचा हिशेब सोपा होता. विकणारा म्हणाला, “आमच्याकडून निघालं तेव्हा एकदम ॲक्टिव्ह होतं सर,” आणि त्यानंतर त्याचा नंबर लागलाच नाही. पिल्लू सलाईनवर वाचलं. त्याचं श्रेय मेव्हण्याच्या बायकोला, रात्र रात्र तिने काढल्या. जाता जाता एक सांगतो, ज्या घरात पार्वो होऊन गेला तिथे नुसतं फिनाईल मारून भागत नाही, ब्लीच लागतं, आणि जमिनीत तो विषाणू महिनोन् महिने टिकतो. कोणाच्या केनेलमध्ये फिनाईलचा वास नाकात घुसत असेल तर ती स्वच्छता म्हणून मला पुरेशी वाटत नाही.

आता याद्यांमधल्या ‘पिल्लाची आई दाखवा म्हणा’ या सल्ल्याबद्दल. सल्ला बरोबर आहे, पण आईकडे बघताना नेमकं काय बघायचं हे क्वचितच कोणी सांगतं. डिचोलीकडे एका फ्लॅटमध्ये आम्हाला तुकतुकीत, गोलमटोल मादी दाखवली. ‘हीच मदर.’ पोट घट्ट, आचळं कुठे दिसेनात, आणि पिल्लं तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. एक तिच्याजवळ गेलं तर ती गुरगुरली. उलट सासष्टीतल्या बाईंकडची मादी हाडकलेली, केसांचे पुंजके गळतायत, आचळं लोंबलेली. बायको माझ्या कानात म्हणाली, “हिला जेवायला घालत नाहीत वाटतं.” घरी येऊन डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सात-आठ पिल्लांना दूध पाजलेली मादी अशीच दिसते. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांत केस झडतात, वजन उतरतं, पुढे भरून येतं. म्हणजे आम्ही जिला धोक्याची खूण समजत होतो ती खरेपणाची निघाली. तसंच बापाचं. बाप तिथे नाही म्हणून नाक मुरडू नका, नर दुसऱ्याकडचा निवडून जोड लावणं हे उलट विचारपूर्वक केलेलं काम असतं. फक्त त्याचं नाव, फोटो आणि कागद हवेत.

आणखी एक साधं गणित. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गाभण काळ ६३ दिवसांच्या आसपास. नियमांप्रमाणे १८ महिन्यांच्या आत आणि ८ वर्षांनंतर तिचं वेत घेता येत नाही, आयुष्यात पाचाच्या वर वेतं नाहीत, आणि लागोपाठच्या दोन माजांना जोड लावायची नाही. मग ज्याच्याकडे बारा महिने पिल्लं, तीही लॅब, पग, शिट्झू, हस्की अशी हव्या त्या जातीची, त्याच्या घरी दोन माद्या नसून कुठेतरी मोठा गोठा आहे, किंवा तो दलाल आहे. (गोव्याच्या मे महिन्यात हस्की विकणाऱ्याचं काय बोलावं? ‘क्लायमेटला सेट झालेलं पिल्लू आहे’ असं मला ऐकवलं गेलंय.)

बाईंच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा खरं सांगायचं तर थोडा रागच आला. चपला गेटबाहेर, हातपाय धुवायला लावले, पिल्लांना हात लावू दिला नाही आणि बलकांवात (पुढच्या ओसरीत) बसवून माझीच मुलाखत. “दिसभर घरांत कोण आसता?” घर भाड्याचं की स्वतःचं, आवाराला कुंपण आहे का, याआधी कुत्रं होतं का, ते कशाने गेलं, आठवडाभर गावी गेलात तर त्याला कोण बघणार. मुलीच्या वाढदिवसाला पिल्लू द्याल का म्हटलं, तर सरळ नाही, आठवडे भरल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही. दोन एकदम घेऊ का विचारलं, त्यालाही नकार. दोन सख्खी भावंडं एका घरात वाढवली की माणसांपेक्षा एकमेकांतच गुंततात, म्हणाल्या. शेवटी एक कागद सहीला पुढे केला. कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता त्यांच्याकडेच परत आणायचा. तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, दोष निघाला तर पैसे परत, हेही त्यातच लिहिलेलं. बस-पार्सलवाला मेव्हण्याला फक्त यूपीआय आयडी विचारत होता.

माझ्या मते हीच एक खूण सगळ्या यादीवर भारी आहे. जो पिल्लू द्यायला काचकूच करतो त्याच्याकडून घ्यावं.

कागदांचं थोडक्यात. ‘केसीआयसकट इतके, पेपरशिवाय इतके’ असा दोन भावांचा धंदा दिसला की उठावं. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी ही आईबाप नोंदलेले असले की वेताची होते, ती काही भजीबरोबर जादा पाव घेण्यासारखी वरून घ्यायची वस्तू नव्हे. आमचा दाखला पिल्लानंतर बऱ्याच आठवड्यांनी आला, पण नोंदणीला पाठवल्याची पावती आणि दोन्ही पालकांचे दाखले बाईंनी पहिल्याच भेटीत समोर ठेवले होते. उशीर होणं वेगळं आणि ‘पाठवतो पाठवतो’ वेगळं. दाखला आल्यावर तो घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोदोलच्या खांद्यांच्या मधे चिप रीडर (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचणारं यंत्र) फिरवला, बीप वाजला, पडद्यावर १५ आकडे आले. मुलगी कागदावरचे आकडे मोठ्याने वाचत गेली, शेवटचा जुळेपर्यंत डॉक्टरही थांबले. चिप नसलेल्या पिल्लाचा दाखला कुठल्याही पिल्लाचा असू शकतो. मात्र दाखला वंशावळ सांगतो, तब्येत नव्हे, त्यावर भुलू नये.

महिने गेल्यावर सगळ्यात जास्त फरक जाणवला तो स्वभावात, आणि याचा विचार घेताना मी फारसा केला नव्हता. बाईंची पिल्लं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत वाढली. मिक्सर, कुकरची शिट्टी, पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू, नातवंडांचा दंगा, सगळं कानावरून गेलेलं. तीन आठवड्यांपासून तीनेक महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, असं डॉक्टर सांगतात. चवथीला शेजारी फटाक्यांच्या माळा लागल्या तेव्हा दोदोल मखरासमोर आडवा पडून घोरत होता. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री, आमच्या नाक्यावर भिंती हादरवणारे स्पीकर होते. त्याने दोनदा मान वर करून पाहिलं, बस. मेव्हण्याचा बीगल, आता धडधाकट आहे, पण त्या रात्री कपाटामागून बाहेर निघाला नाही आणि अजूनही मोटारसायकलच्या आवाजाला मुततो. पिंजऱ्यात गेलेले त्याचे पहिले आठवडे कुठल्याही लसीने परत येणार नाहीत.

गोचीडताप आम्हालाही चुकला नाही. पावसाची उघडीप झाली तशी गोचिडं चिऱ्याच्या गडग्याच्या भेगांतून निघाली. आधी त्याची भूक गेली, मग ताप, रक्त तपासल्यावर प्लेटलेट खाली. औषधाने बरा झाला. हे ब्रीडरच्या खात्यावर लिहिता येणार नाही, गोव्यात चिऱ्याची भिंत असलेल्या घराने महिन्याच्या गोचीड-गोळीचा खर्च गृहीतच धरावा. तरी मी बाईंना कळवलं, तर त्यांनी तेवढ्यावर न थांबता त्याच वेताची इतर पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्या सगळ्यांना कान आणि बोटांच्या बेचक्या तपासायला सांगितलं. अजून दर महिन्याला वजन विचारतात. लॅब आहे, जाड होतोय असं वाटलं की मलाच ओरडा बसतो.

आता तो अर्धा गुण. लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, हिप डिस्प्लेसिया, आनुवंशिक असतो आणि चांगल्या पैदाशीत आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेले असतात. बाईंकडे ते नव्हते. “दोघंही चांगली धावतात” हे त्यांचं उत्तर मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. बाकी सगळं जमत होतं, म्हणून हे माहीत असूनच घेतला. दोदोल दोन वर्षांचा झाला की त्याचा एक्स-रे काढणार आहे. रिपोर्ट बाईंना पाठवायचं कबूल केलंय, पुढच्या जोडीआधी मादीचाही काढते असं त्या म्हणाल्यात. काढतात का ते बघू.

आईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे, रस्त्यावर इतकी गावठी पिल्लं फिरताना कुत्र्यासाठी पैसे मोजतो कोण. तिला उत्तर नाही माझ्याकडे. तुम्हाला अमुकच जात हवी असं नसेल तर तिचंच ऐका. गावठी कुत्र्याला इथल्या हवेची सवय शिकवावी लागत नाही.

काहींनी ब्रीडरचा नंबर मागितलाय. बाईंना विचारून खासगीत देतो, पण यंदा त्यांच्याकडे पिल्लं नाहीत, मादीला विश्रांती दिलीय. पुढचं वेत पुढच्या पावसाळ्यानंतर, आणि यादीत आताच पाच-सहा नावं आहेत.