फाउंडेशनची ग्रँट: ड्रायर पाच स्टार, कॅलेंडर एक स्टार

मोबाईलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळे लिहितात, ग्रँटचा कुणीच लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी परत त्याच दारात जायचं असतं. मी लिहिते. ही ग्रँट, म्हणजे कामासाठीची मदत, एका कंपनीच्या फाउंडेशनने दिलेली, फक्त कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू पण नका.

आमची संस्था छोटी आहे, काम नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात. इकडचा आमचूर प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे मधे घराघरात कैऱ्या सोलायचं काम चालतं, बायका, म्हाताऱ्या, पोरं सगळे सुरी घेऊन बसलेले, मग फोडी करून उन्हात वाळत घालायच्या. जमिनीवर वाळवलं की माती लागते, वळवाचा पाऊस आला की फोडी काळ्या पडतात, आणि काळा माल दिसला की व्यापारी भाव पाडणारच. म्हणून आम्ही सोलर ड्रायर मागितले. मागणी साधी होती आणि फाउंडेशनच्या लोकांना पण पटली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार कॅलेंडरची आहे. ग्रँट एका आर्थिक वर्षाची. एप्रिलमधे वर्ष सुरू, मग त्यांची कमिटी, मग बोर्ड, मग एमओयूचा, म्हणजे कराराचा, मसुदा त्यांच्या वकिलाकडे, हे सगळं होईपर्यंत पावसाळा लागला. पहिला हप्ता गणपती उठल्यावर आला. ड्रायर दिवाळीनंतर चांदसैली घाटातून टेम्पोने वर चढवले, तोवर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं. जानेवारीत साहेब व्हिजिटला आले, चांगला माणूस, पण पहिला प्रश्न काय तर लाभार्थी कुठे आहेत? म्हटलं साहेब, बार्डोलीकडे. इकडे माणसं होळीला परत येतात आणि होळी झाली की लगेच ३१ मार्च! एक्सेलमधे रकाना होता, या वर्षी किती किलो माल तयार झाला. झाडावर कैऱ्या अजून लहान होत्या, मी शून्य टाकलं. वरून फोन आला की शून्य बरं दिसत नाही, काहीतरी भरा. नाही भरलं. म्हणजे बघा, आंब्याचा हंगाम बरोब्बर दोन आर्थिक वर्षांच्या फटीत पडतो, प्रोजेक्ट क्लोज झाल्यावर पहिली फोड वाळणार.

पैसा पुढच्या वर्षात वापरू द्या म्हटलं, तर उत्तर एकच मिळालं, "कायद्यात बसत नाही." आता हे नीट वाचा कारण बहुतेक छोट्या संस्थांना हेच सांगून गप्प बसवतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं काहीही एक असलं की आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचा (यालाच सीएसआर म्हणतात), हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात चालू प्रकल्पाची सोय आहे. बोर्डाने प्रकल्प बहुवार्षिक म्हणून मंजूर केला तर त्याचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा आणि पुढच्या ३ आर्थिक वर्षांत वापरायचा. म्हणजे कायद्यात बसतं, फक्त बसवायचं काम कुणीतरी करायला पाहिजे.

दुसरं, ५ टक्क्यांचं. ड्रायर चालवायला, ट्रे फिरवायला, हिशोब ठेवायला गावातल्या दोन ताई लागतात, त्यांचं मानधन बजेटमधे टाकलं तर लाल शाई, म्हणे प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो. अहो, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे! प्रकल्प राबवायला जो थेट खर्च होतो तो नियमांच्या व्याख्येतच त्यातून वगळलेला आहे. आमच्या सीएंनी पत्र लिहिलं तेव्हा एका ताईंचं मानधन पास झालं, दुसऱ्या ताईंचं आम्ही वर्गणीतून देतो. यंत्राला पैसे आहेत पण यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला नाहीत, यावर मी अजून पण चिडते.

तीन कोटेशनचा नियम तर विचारूच नका. धडगावच्या आठवडी बाजारात सुऱ्या विकणाऱ्याकडे जीएसटी बिल मागून बघा, तो आधी तुमच्याकडे बघेल, मग सुरीकडे. जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेले, पण तसेच, पाड्यावर फोटो काढायचा आणि अपलोड करायला रेंज शोधत टेकडीवर जायचं.

चांगलं पण सांगते. एमओयू झाल्यावर पैसा एकदा पण अडवला नाही, कुणी चहाची पण अपेक्षा केली नाही. ड्रायर एकदम दणकट आहेत. पुढच्या एप्रिलमधे चालवले तेव्हा फोडी पांढऱ्याशुभ्र निघाल्या, व्यापाऱ्याने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या आणि भाव करताना नेहमीसारखं तोंड वाकडं केलं नाही. पण ते त्यांच्या कुठल्याच रिपोर्टमधे नाही, वर्ष संपलं होतं ना.

नंतर एका कुटुंबाच्या खाजगी ट्रस्टकडून ३ वर्षांची ग्रँट मिळाली. रक्कम कमी, पण मानधन मंजूर, रिपोर्ट मराठीत चालतो, मॅडम फोनवर अर्धा तास बोलतात आणि एक्सेल नंतर मागतात. अर्जाला उत्तर यायला मात्र जाम उशीर लागला, आम्ही नाद सोडून दिला होता.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंदणी) आणि सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) आधी करून ठेवा, २०२१ च्या १ एप्रिलपासून सीएसआर-१ शिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही. तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव पण दाखवावा लागतो, त्यामुळे नवीन संस्थांनी आधी दुसरीकडे बघा. आणखी एक अडचण, कायदा कंपनीला स्वतःच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि आमच्या डोंगरात कुठली आलीये कंपनी? त्यावर आम्ही नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे, हे अर्जात पहिल्याच पानावर टाकलं, उपयोग झाला. वाशिम, गडचिरोली, धाराशिववाल्यांनी पण टाका.

आणि सही करायच्या आधी हंगाम कुठल्या महिन्यात येतो ते एमओयूमधे लिहून घ्या, पहिला हप्ता त्याच्या आधी पाहिजे हे पण. आम्ही या वेळी लिहून घेतलंय. बजेटचा आमचा तक्ता कुणाला हवा असेल तर मागा, मानधनाच्या ओळीखाली सीएंनी काय टीप टाकली ती तशीच ठेवलीये.