जर्मनीत जुना गॅस बॉयलर काढताय? हीट पंप की फर्नवेर्म

जर्मनीत जुनं घर घेतलेली आपली बरीच मंडळी सध्या इथेच अडलीत, तळघरातला म्हातारा गॅस बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर ओढून घर तापवणारं यंत्र, बसवायचा की रस्त्याखालून येणाऱ्या गरम पाण्याची, म्हणजे फर्नवेर्मची लाइन घ्यायची. आमच्याकडे दोन्ही शक्य होतं, दोन्हीची कोटेशन्स घेतली आणि शेवटी हीट पंप बसवला. फर्नवेर्म वाईट आहे असं अजिबात म्हणणं नाही.

गॅसवरच राहू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, 2030 पर्यंत उत्सर्जन 1990 पेक्षा 55 टक्के कमी करायचं हे युरोपचं टार्गेट आपल्या गॅसबिलात केव्हाच येऊन बसलंय. इंधनावरचा कार्बनचा दर जर्मनीने 2021 मध्ये टनाला 25 युरोने सुरू केला, 2025 मध्ये तो 55 झाला, आणि 2045 चं क्लायमेट न्यूट्रलचं उद्दिष्ट तर कायद्यातच आहे.

फर्नवेर्मचं सुख मोठं आहे. बाहेर युनिट नाही, आवाज नाही, देखभाल जवळपास नाहीच, जुने रेडिएटर बहुतेक वेळा तसेच चालतात. दाट वस्तीत किंवा अपार्टमेंटमध्ये असाल तर मी तेच घ्या म्हणेन.

माझं घोडं अडलं ते दराच्या सूत्रापाशी. आम्हाला आलेल्या कराराच्या शेवटच्या पानावर दर कसा बदलत जाईल याचं एक लांबलचक सूत्र होतं, त्यात मजुरीचा इंडेक्स, विजेचा इंडेक्स आणि सगळ्यात जास्त वजन गॅसच्या इंडेक्सला. निम्मी उष्णता कचरा जाळून येते असं हीच कंपनी सांगते, मग आमचा दर गॅसला का बांधलाय? विचारलं तर नीट उत्तर नाही मिळालं. 2022 ला गॅस भडकला तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या मित्राचं बिल भडकलं आणि गॅस उतरल्यावरही ते बरेच महिने वरच राहिलं. वर करार दहा वर्षांचा, पाइप एकाच कंपनीचा, त्यामुळे पटलं नाही तरी जाणार कुठे! वीज महागली तर निदान कंपनी बदलता येते, छतावर सोलर टाकता येतं.

हीट पंपलाही कटकटी आहेतच. ग्रँटचा अर्ज केएफडब्ल्यू या सरकारी बँकेकडे करायचा, पण त्याआधी इन्स्टॉलरशी करार हवा आणि त्यात ग्रँट मंजूर झाली तरच तो लागू होईल अशी अट हवी, ही ओळ राहिली की अर्ज अडकतो. आम्हाला 30 टक्के मूळ, 20 टक्के जुना बॉयलर लवकर बदलण्याचे आणि 5 टक्के प्रोपेनवाल्या (आत प्रोपेन हा नैसर्गिक वायू रेफ्रिजरंट म्हणून वापरणाऱ्या) पंपाचे असे 55 टक्के मिळाले, तेही खर्चाच्या पहिल्या 30,000 युरोंवरच, म्हणजे जास्तीत जास्त 16,500 युरो. हीट पंप बॉयलरपेक्षा कमी गरम पाण्यावर चांगला चालतो, आणि घर जुनं म्हणून धाकधूक होती, तर एका इन्स्टॉलरने सांगितल्याप्रमाणे ऐन थंडीत आहे त्याच बॉयलरचं पाणी 55 अंशांवर आणून ठेवलं. बाथरूम सोडून सगळं घर व्यवस्थित उबदार राहिलं, मग फक्त तिथला रेडिएटर मोठा केला. ही ट्रायल फुकट आहे, जरूर करा. आवाज मला तरी जाणवत नाही, पण युनिट शेजाऱ्याच्या बेडरूमसमोर ठेवू नका.

तुमच्या गावचा उष्णता आराखडा, म्हणजे कुठल्या भागात फर्नवेर्म येऊ शकते हे दाखवणारा आराखडा, आधी बघा, एक लाखावर वस्तीच्या शहरांसाठी त्याची मुदत 30 जून 2026 आणि बाकीच्यांसाठी 30 जून 2028 अशी ठरलेली आहे. तुमच्या रस्त्यावर लाइन येणार असेल तर कोटेशनच्याही आधी दराचं सूत्र मागून घ्या, त्यात गॅसचं वजन नगण्य असेल तर माझं मत बाजूला ठेवा आणि फर्नवेर्मचा जरूर विचार करा.