घरचं कॉफी सिरप: कुठला फ्लेवर घरी करायचा आणि कुठला सरळ बाटलीतला आणायचा

बाटलीतलं कॉफी सिरप आणि घरी केलेलं सिरप, दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर हा रिव्ह्यू लिहितेय, कारण ऑनलाइन बघावं तर एक गट म्हणतो घरचं ते घरचंच आणि दुसरा म्हणतो कशाला एवढा खटाटोप, आणि फ्लेवर कुठला हे कोणी विचारतच नाही. माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं. ज्या फ्लेवरचा वास साखरेतून किंवा पाण्यातून नीट उतरतो तो घरी शंभर टक्के भारी होतो, आणि ज्याचा वास तेलात अडकून बसतो तो घरी कितीही जीव ओतून केला तरी कपात पोचत नाही.

आधी बाटली. कुठल्याही नेहमीच्या व्हॅनिला सिरपचं लेबल वाचा, साखर, पाणी, फ्लेवर, सिट्रिक अॅसिड आणि एखाद-दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह, बहुतेक वेळा पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट. संपलं. म्हणजे आपण पैसे देतो ते दोनच गोष्टींचे, तयार वास आणि महिनोन्महिने टिकणं. आणि त्यात ते खरंच चांगले आहेत हे मान्य करायला हवं, प्रत्येक पंपाला तीच चव, तोच गोडवा. माझी तक्रार आहे ती चवीच्या शेवटाबद्दल, पहिल्या घोटाला मस्त वाटतं पण कॉफी कोमट झाली की जिभेवर एक सेंटसारखा वास मागे राहतो आणि कॉफीची स्वतःची चव त्याच्याखाली दबते. घरच्या सिरपमध्ये हे होत नाही, आणि गोड किती करायचं हेही आपल्या हातात असतं.

ही सिरपं मुळात कॉफीसाठी नव्हतीच हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. टोरानी ही सिरपची अमेरिकन कंपनी १९२५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली तेव्हा हे सिरप सोड्यात घालायला होतं, लाटे (latte) म्हणजे भरपूर दुधाच्या कॉफीत ते पडलं थेट १९८२ मध्ये, तिथल्याच कॅफे ट्रिएस्टेत. सोड्यात आंबटपणा हवाच असतो, दुधात तो चालत नाही. कॉफी स्वतःच थोडी आम्ल असते, साधारण पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास, आणि दुधातलं केसिन हे प्रोटीन ४.६ च्या जवळ गेलं की फाटतं, म्हणजे मधे जागा फार थोडी आहे. म्हणून लिंबू, बेरी असले आंबट फ्लेवर गरम लाटेत घातले की कधीकधी कपात बारीक कण दिसायला लागतात. सिरप खराब झालेलं नसतं, ते दुधाच्या कॉफीसाठी नसतंच. काळ्या आइस कॉफीत तेच छान लागतं.

आता घरचं. बेस एकदम सोपा आहे पण एक गोष्ट कृपा करून करा, साखर आणि पाणी दोन्ही वजनाने मोजा. रेसिपीत लिहिलेलं असतं एक कप साखर एक कप पाणी आणि आपल्याला वाटतं झालं समसमान, पण एक कप साखर भरते साधारण २०० ग्रॅम आणि तेवढंच पाणी २४० ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे सिरप पातळ होतं आणि लवकर बिघडतं. २५० ग्रॅम साखरेला २५० ग्रॅम पाणी घेतलं की बरोबर ५० टक्के साखरेचं सिरप मिळतं. दुप्पट साखर घेतली तर ते ६६-६७ टक्क्यांवर जातं, आणि खोलीच्या तापमानाला पाणी साधारण तेवढीच साखर धरून ठेवू शकतं, त्यापुढे तळाला खडे जमायला लागतात. म्हणून दुप्पटवालं करताना उकळत ठेवून विसरायचं नाही, साखर विरघळली, एक उकळी आली की गॅस बंद. पाणी उडत राहिलं की तो पाक होत जातो आणि फ्रिजमध्ये गेल्यावर बाटलीतच साखर बसते. चिमूटभर सिट्रिक अॅसिड घातलं तर खडे धरत नाहीत, कारण आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि ते रेणू मधे मधे आले की स्फटिक नीट जुळत नाहीत. चिमूटच पण, वर दुधाचं सांगितलं ते आठवा.

एक चमचाभर, म्हणजे १५ मिली समसमान सिरपमध्ये साधारण ९ ग्रॅम साखर जाते आणि दुप्पटवाल्यात १३ ग्रॅमच्या आसपास, तर एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावू नका.

व्हॅनिला. घरी करायला पहिला हाच घ्या. शेंग उभी चिरायची, सुरीच्या पाठीने आतले काळे बारीक दाणे खरवडायचे आणि दाणे आणि साल दोन्ही सिरपमध्ये टाकायचे, साल फेकू नका कारण वास फक्त दाण्यांत नसतो, मुरवलेल्या अख्ख्या शेंगेत असतो. पाच मिनिटं मंद आचेवर, मग झाकून रात्रभर तसंच. सकाळी गाळलं की रंग फिकट सोनेरी आणि तळाशी ते बारीक काळे ठिपके, आणि वासात व्हॅनिलाबरोबर थोडा लाकडासारखा, थोडा मनुकांसारखा असा एक खोल भाग येतो जो बाटलीत मला अजून तरी मिळालेला नाही. शेंग महाग असते हे खरं, पण व्हॅनिलाचं जवळपास प्रत्येक फूल आजही हाताने परागीकरण करून फळवावं लागतं. ती पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि हे वाचल्यापासून मी शेंगेचा एक तुकडाही वाया घालवत नाही, गाळलेली साल धुवून वाळवून साखरेच्या डब्यात खोचते.

शेंग नको असेल तर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेंगेचा अर्क, अर्ध्या लिटरला दोन छोटे चमचे, पण सिरप थंड झाल्यावरच. एक्स्ट्रॅक्टमध्ये अल्कोहोल असतं, अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तर किमान ३५ टक्के, उकळत्या सिरपमध्ये ओतलं की ते भसकन उडतं आणि जाताना वासही घेऊन जातं. सगळ्या किचनमध्ये घमघमाट आणि कपात काहीच नाही. साधं कृत्रिम इसेन्सही चालतं, खोटं कशाला बोलू, डार्क रोस्टच्या, म्हणजे जास्त भाजलेल्या दाण्यांच्या कडक कॉफीत भरपूर दूध असेल तर फरक फार कमी कळतो. लाइट रोस्टमध्ये मात्र लगेच कळतो. व्हॅनिला घरचंच, पाचपैकी पाच.

कॅरमेल. इथे तर मी बाटली घ्यायचीच बंद केलीय, कारण कॅरमेलचा फ्लेवर बाहेरून आणावाच लागत नाही, तो साखरेचाच जळत जाण्याचा वास आहे. २०० ग्रॅम साखर, ६० मिली पाणी, जाड बुडाचं आणि आतून फिक्या रंगाचं भांडं, काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. साखर विरघळेपर्यंत ढवळा, त्यानंतर चमचा बाजूला ठेवून द्या आणि भांडंच हलकं फिरवा, नाहीतर कडेला चिकटलेले दाणे आत पडून अख्खा पाक पांढरा खडबडीत होतो. सुरुवातीला बराच वेळ नुसते बुडबुडे, काहीच होत नाहीये असं वाटतं, मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, एका कडेला पिवळी झाक येते आणि तिथून पुढे सगळं फार भरभर. पिवळा म्हणजे अजून नुसतं गोड. मधासारखा झाला की ठीक. तांबूस झाला, पहिला बारीक धूर दिसला आणि वासात किंचित कडूपणा आला की तिथे थांबायचं, दुधात मिसळल्यावरही चव उरायची असेल तर एवढं धाडस करावंच लागतं. त्यापुढे काही सेकंदांत जळका कडूपणा येतो, तो काही केल्या जात नाही.

मग गॅस बंद करून १५० मिली गरम पाणी, थोडं थोडं, हात लांब ठेवून आणि तोंड मागे घेऊन. साखर तेव्हा १७० अंशांच्या आसपास असते, पाणी पडलं की उसळून वर येते आणि ती वाफ उकळत्या पाण्याच्या वाफेपेक्षा वाईट भाजते, लहान मुलं ओट्याजवळ असतील तर हे करूच नका. गार पाणी ओतलं तर साखर दगडासारखी घट्ट होते, होऊ दे, परत मंद आचेवर ठेवली की विरघळते. शेवटी पाव चमचा मीठ. लोणी-क्रीम घालायचं नाही, ते घातलं की सॉस होतो, गरम कॉफीत ठीक पण थंड कॉफीत त्याच्या गाठी ग्लासला चिकटून बसतात. ह्या सिरपची चव अशी की कॉफीचा कडवटपणा आणि साखरेचा कडवटपणा एकमेकांना ओळखतात, आणि बाटलीतलं कॅरमेल मला त्यापुढे टॉफीच्या रॅपरसारखं वाटतं.

दालचिनी सोपी, कांड्या घ्या, पावडर घेऊ नका. पावडर पाण्यात फुगून बुळबुळीत होते, कितीही गाळा, कपाच्या तळाशी चिखल बसतोच. अर्धा लिटर सिरपला तीन-चार कांड्या तोडून टाकायच्या आणि गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवायच्या. जाड एकाच वळणाची असते ती कॅशिया, तिखट आणि दणकट, दुधाच्या कॉफीत तीच टिकते, पातळ पापुद्र्यांची सिलोन नाजूक असते, ती काळ्या कॉफीत छान. रोज पिणार असाल तर सिलोनच बरी, कॅशियात कुमरिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला त्रास देणारा घटक, बरंच जास्त असतं.

चॉकलेटचं थोडक्यात, २०० ग्रॅम साखरेत ५० ग्रॅम कोको आधी कोरडाच मिसळून घ्या, मग २०० मिली पाणी हळूहळू, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. चिमूटभर मीठ, दोन मिनिटं उकळी. खाली साका बसतो, वापरताना बाटली हलवायची. चार मार्क, कारण बाटलीतलं गुळगुळीत असतं तेवढं हे होत नाही.

संत्र्याचा फ्लेवर हवा असेल तर रस अजिबात नको, परत तेच दुधाचं. फक्त केशरी साल, पांढरा भाग न घेता, साखरेत चोळून काही तास ठेवायची, साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओली होते, मग गरम पाणी घालून गाळायचं. काळ्या थंड कॉफीत हे जबरदस्त लागतं.

आणि आता हेझलनट, ज्यासाठी खरं तर बरेच लोक घरचं सिरप करायला घेतात आणि निराश होतात. भाजताना वास असा येतो की वाटतं झालंच काम. पण त्या नटमध्ये अर्ध्याहून जास्त वजन तेलाचं आणि वासाचा मोठा भाग त्या तेलातच बसलेला, साखरपाण्यात तो यायलाच तयार नसतो. भाजून, सालं काढून, कुटून, उकळून, रात्रभर ठेवून गाळलं तरी हातात येतं ते हलकं नटी गोड पाणी आणि वर तेलाची तवंग. ती तवंग दुधाचा फेस बसवते, आणि काही दिवसांनी खवट वास मारायला लागते. म्हणून हेझलनट सरळ बाटलीतलं आणा, त्यात कमीपणा काही नाही, तो वास वेगळा काढून पाण्यात मिसळेल असा करणं हे फ्लेवर कंपनीचंच काम आहे. तरी कोणी घरी केलंच तर प्यायला देताना यात खरा नट आहे हे आधी सांगा, अॅलर्जी ही गंमत नाही. बदाम, पिस्ता यांचंही थोड्याफार फरकाने हेच.

टिकण्याचं बघू. समसमान सिरप फ्रिजमध्ये साधारण तीन-चार आठवडे धरा, दुप्पट साखरेचं त्याहून बरंच जास्त जातं कारण त्यात बुरशीला वापरायला मोकळं पाणीच कमी राहतं. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी केलेली हवी. सिरप गरम असताना झाकण लावून फ्रिजमध्ये टाकलं की झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरतात, ते खाली पडून वर एक पातळ थर होतो आणि बुरशी बरोबर तिथूनच सुरू होते, खाली सिरप कितीही घट्ट असो. गार करा, मग झाकण, आणि अधूनमधून बाटली हलवा. गढूळपणा, धागे, बारीक बुडबुडे, आंबूस वास यातलं काहीही दिसलं तर सगळं ओतून टाका, वरचं काढून खालचं वापरू नका. पंप लावणार असाल तर दर नव्या बाटलीच्या वेळी त्याची नळी गरम पाण्याने धुवा, त्यात अडकलेलं जुनं सिरप नव्याला बिघडवतं.

शुगर फ्रीवाल्यांना मात्र घरचं सुचवणार नाही. साखर तिथे फक्त गोडीला नसते, टिकवायलाही तीच असते, सुक्रालोज घातलेलं पाणी म्हणजे शेवटी पाणीच, फ्रिजमध्येही काही दिवसांतच संपवावं लागतं. त्यांनी प्रिझर्व्हेटिव्ह घातलेली बाटलीच घ्यावी, किंवा एकदोन दिवसांपुरतं अगदी थोडं करावं.