डायनिमाच्या नावाखाली भलताच दोर: माझे १५,५०० गेले, वर शीड फाटलं

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. बायकोचं हसून झालंय, ऑफिसातल्यांचंही. पंधरा वर्षं शिडाच्या बोटीवर जातोय आणि फसलो कशात, तर दोरात.

बोट वीस फुटी, मित्राबरोबर भागीत घेतलेली. मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, रीफिंग लाईन बदलायच्या होत्या; वारा वाढला की शीड लहान करतात (रीफ घेतात), त्यासाठीचे दोर. ओळखीतून एक 'रिगर', म्हणजे बोटीचे दोर बसवणारा, मिळाला, बोलायला साखर. आठ मिलीमीटरचा दोर, आत डायनिमा (फार मजबूत, जवळजवळ न ताणणारा धागा), वर पॉलिएस्टरचं कव्हर, ३२० रुपये मीटरने ३० मीटर, म्हणजे ९,६००. दोन ब्लॉक (कप्प्या) २,४००, मजुरी ३,५००. एकूण १५,५००. त्यातले १०,००० यूपीआयने, ५,५०० रोख. बिल? "देतो की साहेब, बुक संपलंय." हो, माहीत आहे मला, बिलाशिवाय एक रुपया द्यायचा नसतो.

पण खरा घात वेगळ्याच क्षणी झाला. त्याने माझ्यासमोर दोराचं टोक सोललं, आतली पांढरी दोरी ओढून खिशातल्या कात्रीने कचकन तुकडा पाडला आणि बादलीत टाकला. तरंगला. "बघा, डायनिमा तरंगतो." तरंगतोच! पण साध्या दोरातलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकही तरंगतं. आणि डायनिमा साध्या कात्रीने असा तुटत नाही, धागे पात्यांतून निसटतात, चावत बसावं लागतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बादलीकडे बघत राहिलो, कात्रीकडे नाही. ओहोटी लागली होती, बोटीपर्यंत ने-आण करणारा छोट्या होडीवाला हाका मारत होता, त्या घाईत कुणाचंही झालं असतं. टोक स्वतः कापा, स्वतःच्या कात्रीने.

मार्चमध्ये मांडव्याहून येताना दुपारचा वायव्येचा वारा चढला, पहिला रीफ घेतला. दोर ताणून लांबत गेला, शिडाचा मागचा कोपरा बूमपासून (शिडाखालच्या आडव्या दांड्यापासून) उचलला आणि सगळा ताण मधल्या बारक्या रीफ-दोऱ्यांवर आला. त्या सैल कापड आवळायला असतात, ओढ सोसायला नाही. शीड दोन ठिकाणी टरकलं. शिवायला ६,२००. मग डोळे उघडले आणि दोर मोजला: १८ मीटर. बाकीचे १२ महाशय घरी घेऊन गेले! बूमवरची दोराची गाठही शिडाच्या कडीच्या बरोब्बर खाली. ती जरा मागे हवी, नाहीतर कापड खाली बसतं पण मागे ताणत नाही. काम झाल्यावर धक्क्यालाच रीफ घेऊन बघा, आणि दोर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलीस चौकीत गेलो. "कसली रस्सी?" इथून सुरुवात. मग "हा दिवाणी मामला." मी म्हटलं, सरळ फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता ३१८. "वकील आहात का?" नाही. "बोट कुठे होती?" पाण्यात. "मग सागरी ठाण्यात जा." तिथे गेलो तर, "व्यवहार जमिनीवर झाला ना? मग इथे कशाला?" सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही म्हणून तिकडे चौकशी केली, तर खिडकीवरचा पहिला प्रश्न: बिल आहे? तीन सुट्ट्या गेल्या यात, आणि टॅक्सीचे ८४० रुपये.

त्याने मला ब्लॉक केलंय. परवा बायकोच्या मोबाईलवरून त्याचं स्टेटस पाहिलं. माझ्याच बोटीचा फोटो, खाली लिहिलेलं: 'प्रीमियम रिगिंग, समाधानी ग्राहक.'