वर्कशॉपचा परिणाम मोजायला आयएटी कितपत कामाची?

विद्यापीठात वंशभेदविरोधी वर्कशॉप झालं की ‘फरक काय पडला’ हे दाखवायला हमखास पुढे केलं जाणारं साधन म्हणजे इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजेच आयएटी: मनातला नकळतचा वांशिक कल मोजू पाहणारी कॉम्प्युटरवरची चाचणी. १९९८ साली आलेली, प्रोजेक्ट इम्प्लिसिटच्या साइटवर फुकट, दहा मिनिटांत उरकणारी आणि शेवटी एक स्कोअर हातात देणारी. समितीला आणखी काय हवं!

गोरे-काळे चेहरे आणि चांगले-वाईट शब्द एकेक करून स्क्रीनवर येतात, त्यांची ‘ई’ आणि ‘आय’ या दोन बटणांवर वाटणी करायची. फेऱ्या सात. मधल्या फेऱ्यांत गोरे चेहरे आणि चांगले शब्द एका बटणावर असतील, तर शेवटच्या दोन फेऱ्यांत जोड्या उलट. दोन्ही वेळी उत्तराला लागलेल्या सरासरी वेळेतल्या फरकाला प्रमाण विचलनाने (वेळा किती विखुरल्या आहेत त्याच्या मापाने) भागलं की डी-स्कोअर निघतो: ०.१५ पासून हलका कल, ०.३५ पासून मध्यम, ०.६५ पासून तीव्र. ज्याची दहा टक्क्यांहून जास्त उत्तरं ३०० मिलिसेकंदांच्या आत आली, तो नुसता बटणं बडवत होता असं धरून त्याला वगळायचं असतं. घरगुती आवृत्त्यांमध्ये नेमकी हीच गाळणी राहून जाते.

वर्गात चर्चा पेटवायला टेस्ट झकास आहे. मोजपट्टी म्हणून मात्र डळमळीत. त्याच माणसाच्या दोन वेळच्या स्कोअरमधला सहसंबंध ०.५ च्या आसपास (१ म्हणजे पूर्ण जुळणी), त्यामुळे वर्कशॉप न करताही ‘मध्यम’चा ‘हलका’ होतो. शिवाय दुसऱ्यांदा देताना सवयीनेच स्कोअर थोडा उतरतो. आधी आणि नंतर जोड्यांचा क्रम बदलला, तर त्यातूनही खोटा फरक दिसतो. त्यामुळे तुलनेला वर्कशॉप न केलेला गट नसेल, तर स्कोअर उतरल्याचा आलेख दाखवूच नये.

२०१६ च्या एका अभ्यासात १८ विद्यापीठांतल्या ६,३२१ जणांवर हा कल कमी करण्याचे नऊ उपाय तपासले गेले. सगळ्या उपायांनी स्कोअर लगेच उतरवला, पण काही तासांनी किंवा दिवसांनी एकाचाही परिणाम उरला नव्हता. म्हणजे वर्कशॉप संपताच त्याच खोलीत घेतलेली टेस्ट सर्वात देखणा आकडा देते, आणि विकणारे ती तेव्हाच घेतात.

वंशभेद अजून आहे हे माणूस कितपत नाकारतो ते मोजणारी वीस विधानांची कोब्रास प्रश्नावली यापेक्षा बरी, निदान ती समज विचारते. पण वर्कशॉपनंतर ‘बरोबर’ उत्तर कुठलं हे सगळ्यांना कळलेलं असतं.

खरा माल रजिस्ट्रारच्या नोंदींत असतो: प्रवेशाचे गुण सारखे असलेल्या विद्यार्थ्यांच्या निकालात गटागटांमधली तफावत किती, दुसऱ्या वर्षाला कोण टिकलं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या विभागांना या सत्रात आणि उरलेल्यांना पुढच्या सत्रात कार्यक्रम द्या, म्हणजे तुलना आपोआप मिळते. विभागात एखाद्या गटाचे नऊच विद्यार्थी असतील, तर एकाच्या नापास होण्याने टक्केवारी अकरा अंकांनी हलते; तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. तक्रारी वाढल्या तर घाबरू नका, यंत्रणेवर विश्वास बसला की त्या वाढू शकतात. गुप्त सर्व्हेतून ‘प्रसंग घडला, पण सांगितला नाही’ हे प्रमाण शेजारी ठेवल्याशिवाय तक्रारींचा आकडा वाचूच नये.

चर्चेसाठी चार तारे, मोजमापासाठी एक. तरीही आयएटी वापरायचीच असेल, तर निदान तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, जोड्यांचा क्रम प्रत्येकासाठी दोन्ही वेळा तोच ठेवा आणि निकाल फक्त गटाचा सांगा. एकट्या माणसाचा स्कोअर बढतीच्या किंवा निवडीच्या कागदांत जाता कामा नये.