जुन्या क्वीन अ‍ॅन घराचा बाहेरचा रंग: नऊ महिन्यांनंतर

कॅलिफोर्नियात अलमेडाला आमचं १८९० च्या आसपासचं छोटं क्वीन अ‍ॅन (एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची नक्षीदार शैली) घर आहे, मागच्या सप्टेंबरात बाहेरून रंगवून घेतलं. एक अख्खा पावसाळा (इथे तो हिवाळ्यात असतो) आणि जूनचं धुकं काढून झालं म्हणून आत्ता लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात काय, कुठलंही घर छानच दिसतं.

घेतलं तेव्हा ग्रे आणि पांढरं होतं. वाईट नव्हतं, पण गेबलमधल्या (छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवरच्या) माशाच्या खवल्यांसारख्या शिंगल्स (छोट्या लाकडी पट्ट्या), ब्रॅकेट्स (छपराखालचे नक्षीदार आधार), पोर्चची लाकडी नक्षी काहीच दिसायचं नाही. मुलीला सॅन फ्रान्सिस्कोच्या अलामो स्क्वेअरमधल्या रंगीत जुन्या घरांसारखं गुलाबी-निळं हवं होतं, पण ती टूम १९६० च्या दशकातली. आमचं घर बांधलं त्या काळी ऑलिव्ह, गेरू, विटकरी, चॉकलेटी असे दाट मातकट रंग खूप चालायचे. पोर्चखाली एका कोपऱ्यात खरवडलं तर पांढरा, ग्रे, एक भयानक गुलाबी, परत पांढरा आणि सगळ्यात तळाला हिरवट तपकिरी! लगेच तोच मॅच करायला धावू नका हां, जुना ऑइल पेंट अंधारात राहून पिवळा पडतो, आमचा तुकडा बरेच दिवस उन्हात ठेवल्यावर चांगलाच हिरवा निघाला.

आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं आहेच असं धरून चाला. टेस्ट करा, लेड-सेफ सर्टिफिकेट असलेलाच कॉन्ट्रॅक्टर घ्या, कोरडं घासू देऊ नका. आमच्याकडे जमिनीवर प्लास्टिक, ओलं करून खरवडणं, सगळं झालं आणि बजेटचा मोठा भाग तिथेच गेला.

शेवटी ठरलं ते असं: खालच्या फळ्यांना ऑलिव्ह, वरच्या शिंगल्सना गेरूकडे झुकणारा पिवळा, ट्रिम (कडा आणि चौकटी) क्रीम, खिडक्यांच्या सॅशला (काच धरणाऱ्या चौकटीला) दाट विटकरी लाल, पोर्चच्या छताला फिकट निळा. ऑलिव्हसाठी आम्ही तीन महिने भांडलो. मोठ्या बोर्डांवर सॅम्पल लावून चारी बाजूंना फिरवले, ते बरं केलं, कारण शेड कार्डावर काळपट वाटणारा रंग भिंतीवर दोन शेड उजळ दिसतो आणि उत्तरेला धुक्यात तर निळसरच. लाल मात्र काउंटरवर उभ्या उभ्या पाच मिनिटांत निवडला.

आणि आज घराकडे बघणारा प्रत्येक माणूस त्या लालबद्दलच बोलतो. दाट सॅशमुळे खिडक्या आत गेल्यासारख्या वाटतात, घराला डोळे आल्यासारखं झालं. आधी पांढऱ्या होत्या तेव्हा सगळं चपटं दिसायचं. ऑलिव्हच्या दोन शेडमधला फरक, ज्यावरून नवरा-बायको दोन दिवस बोलत नव्हतो, तो फुटपाथवरून आता मलाच कळत नाही.

आता तक्रारी. तोच लाल दक्षिणेकडे आत्ताच फिका पडलाय, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी येते, उत्तरेकडे मात्र जसाच्या तसा. दाट रंग उन्हात जास्त तापतो हे माहीत होतं, पण नऊ महिन्यांत? दुसरं म्हणजे इथली जुनी घरं रेडवूडची, त्या लाकडातला टॅनिन (डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य) ओल लागली की वर येतो. पेंटरने डाग अडवणारा प्रायमर काही ठिकाणी मारलाच नव्हता, तर जानेवारीच्या पावसानंतर क्रीम ट्रिमवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ. फोन केला तर म्हणे धुऊन बघा. धुऊन बघितलं, महिन्याभरात परत आले. त्यामुळे प्रत्येक भागाला कुठला प्रायमर हे कोटेशनमध्येच लिहून घ्या, तोंडी नको.

निळ्या छताची प्रथा अमेरिकेच्या दक्षिणेतली, म्हणे त्याने भुतं लांब राहतात आणि गांधीलमाश्या घरटं करत नाहीत. भूत काही दिसलं नाही, पण गांधीलमाश्यांनी एप्रिलमध्ये बरोब्बर मधोमध पोळं केलं. तरी छत ठेवणार, ढगाळ सकाळी पोर्चवर चहा घेताना फार बरं वाटतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पहिलं वाक्य, "अगं, हे तर पावसाळ्यात आपल्या कंपाउंडवर शेवाळ धरतं तसं दिसतंय." पण लाल खिडक्या आवडल्या तिला. त्या दक्षिणेकडच्या चार खिडक्या सप्टेंबरमध्ये परत रंगवतोय, यावेळी लालात थोडा तपकिरी जास्त, आणि पेंटर दुसरा.